‘काळजी घे’ आणि ‘काळजी करू नकोस’

प्रश्न असा आला आहे: निरोप देताना आपण ‘काळजी घे’ म्हणतो आणि धीर देताना ‘काळजी करू नकोस’. एकाच शब्दाबद्दल असे उलट सल्ले कसे? आणि ‘काळजी’च्या जागी ‘चिंता’ चालेल का?

सल्ले उलट नाहीत. इथे अर्थ ठरतो तो पुढच्या क्रियापदावरून. काळजी वाटते, काळजी करतात आणि काळजी घेतात. ‘मला काळजी वाटते’ यात ‘मला’ आहे. भूक लागावी तशी ही न विचारता होणारी गोष्ट. ‘मी काळजी करते’ म्हटलं की कर्ता मी, आणि काम डोक्यातलं: एका विचारातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. ‘मी काळजी घेते’ यातही कर्ता मीच, पण काम प्रत्यक्षातलं: औषध वेळेवर देणं, कागद एकदा तपासणं, फोन करून विचारणं. मानसोपचारात भावना, विचार आणि वर्तन वेगवेगळे करून पाहतात. ती फोड मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी आधीपासूनच आहे.

‘चिंता’ला यातलं तिसरं क्रियापद चालत नाही. चिंता वाटते, लागते, चिंता करतात; ‘चिंता घे’ असं कुणी म्हणत नाही. ‘चिंता’ आणि ‘चिंतन’ दोन्ही विचार करणे या अर्थाच्या ‘चिन्त्’ धातूतून आलेत, म्हणजे चिंतेचा कारभार मुळातच मनातला. नकारार्थी रूपं घेतली की फरक लख्ख दिसतो. ज्याला चिंता नाही तो निश्चिंत, आणि जो काळजी घेत नाही तो निष्काळजी. पहिलं हवंहवंसं, दुसरा सरळ ठपका. ‘काळजीवाहू सरकार’ मधली काळजीसुद्धा कारभार सांभाळण्याची आहे. (‘टेन्शन घेऊ नकोस’ मधलं घेणं मात्र निराळं, ते अंगावर घेणं, ओढवून घेणं.)

हा फरक रोजच्या जगण्यात फार मोलाचा आहे. सतत काळजी करणाऱ्या अनेकांना मनातून असं वाटत असतं की काळजी करणं थांबवलं तर आपण निष्काळजी ठरू, किंवा काळजी केली म्हणूनच आजवर काही वाईट झालं नाही. त्यामुळे थकले तरी ते सोडवत नाही. पण निश्चिंत होणं आणि निष्काळजी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करणं कमी करून घेणं तेवढंच ठेवता येतं.

एक प्रसंग जवळून पाहू. मुलगी साडेआठला घरी पोचते. नऊ वाजले, फोन उचलत नाही. पोटात गोळा येतो: हे वाटणं. ‘अपघात झाला असेल तर? दवाखान्यात नेलं असेल तर?’ हे करणं. एक निरोप टाकणं, तिच्या मैत्रिणीला विचारणं, साडेनऊपर्यंत काही कळलं नाही तर कुणाला फोन करायचा हे ठरवणं, हे घेणं. मग त्याच मैत्रिणीला दहा मिनिटांत चौथा फोन जातो तेव्हा? दिसायला ते घेणं, पण आतून करणंच. ओळखायची खूण अशी की काळजी घेण्याला शेवट असतो. काम झालं की ते संपतं. वारंवार खात्री करून घेण्याने दोन मिनिटं बरं वाटतं, मग शंका परत येते, आणि त्या दोन मिनिटांच्या आरामामुळेच ती सवय पक्की होत जाते.

आता ‘काळजी करू नकोस’ हा सल्ला. प्रेमाने दिलेला असतो, पण लागू पडत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर विचार करायची मुभा दिल्यावर तर अस्वल आणखीच जास्त वेळा आलं. म्हणून ‘करू नकोस’पेक्षा ‘आत्ता नको, सहाला कर’ हे जास्त उपयोगी. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही रीत मांडली: रोज ठरलेली वेळ, ठरलेली जागा, अर्धा तास. अंथरुणात नको, झोपायच्या तोंडावरही नको. दिवसभरात विचार आला की तीन-चार शब्दांत टिपायचा आणि हातातल्या कामाकडे वळायचं. पानभर लिहीत बसलात तर ते लिहिणंच काळजी करणं होतं. ठरल्या वेळी यादी वाचायची. जे विचार विरून गेलेत ते खोडायचे, उरलेल्यांपाशी थांबायचं. पहिले काही दिवस विचार पुढे ढकलणं जड जातं. पण खरी मोठी चूक म्हणजे ती सहाची वेळच चुकवणं: ‘नंतर बघू’ हे खोटं ठरलं की मन पुढच्या वेळी ऐकत नाही.

त्या अर्ध्या तासात करायचं काय? इथे पुन्हा भाषा मदतीला येते. बोर्कोव्हेक यांचंच निरीक्षण आहे की काळजी चित्रांपेक्षा शब्दांत जास्त चालते. ते शब्द ऐका. बहुतेक वाक्यं ‘तर?’वर संपतात. ‘नोकरी गेली तर?’ मराठीत ‘जर-तर’चं वाक्य दोन पायांचं, इथे दुसरा पाय टेकवलेलाच नसतो. तो टेकवा. ‘नोकरी गेली तर पहिल्या आठवड्यात या तिघांशी बोलेन, हा खर्च थांबवेन.’ क्रियापद असलेलं, करता येण्याजोगं उत्तर लिहा. ज्या ‘तर’ला आज कुठलंच उत्तर नाही, त्यापुढे ‘आज हातात काही नाही’ एवढंच लिहून पुढच्या ओळीवर जा.

‘तर’नंतर ऐकायची दुसरी खूण म्हणजे ‘च’ हे अक्षर. ‘सगळं नीट झालंच पाहिजे’, ‘मी फसणारच’. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात अशा हट्टी मागण्यांवरच बोट ठेवलं आहे. ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहा: ‘नीट व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.’ इच्छा तेवढीच तीव्र राहते, फक्त ती पुरी झाली नाही तर सगळं संपलं हा भाव जातो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण खरी ठरते ती बहुधा या ‘च’मुळेच.

राहिलं ‘वाटणं’. त्याच्याशी वाद घालू नये. श्वास घेताना चारपर्यंत, सोडताना सहापर्यंत मोजत पाचेक मिनिटं बसावं. धडधड लगेच पूर्ण थांबली नाही तरी चालेल.

‘चिंता’ हा शब्द आता ‘चिंताविकार’ या आजाराच्या नावातही वापरतात. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी; जोडीला बेचैनी, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणं आणि त्यामुळे रोजची कामं अडणं, असं असेल तर वहीवर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, समुपदेशन आणि औषधं या दोन्हींचा उपयोग होतो. आणि जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर सहा महिने मोजत न बसता आजच कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.