सेरॅस्टियमचं बी मागवताय? सोलापुरात लावायच्या आधी एवढं वाचा

दोन प्रश्न आलेत आणि दोन्ही एकाच झाडाचे. सांगोल्याचे एक डाळिंबवाले दादा विचारतात, मोबाईलवर पांढऱ्या गालिच्यासारख्या फुलाचं बी दिसलं, डाळिंबाच्या दोन ओळींत टाकलं तर तण दबेल का? आणि बार्शीच्या नर्सरीवाल्या ताईंना कुंडीत करून विकायचंय.

हे झाड म्हणजे सेरॅस्टियम टोमेंटोसम, मूळ इटलीच्या डोंगरातलं. जमिनीलगत पसरतं, उंची वीतभर, पानांवर पांढरी लव असते म्हणून लांबून चंदेरी दिसतं, फूल पांढरं, पाच पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीला टोकाशी खाच. पान उंदराच्या कानासारखं म्हणतात, पण आपल्या रानातली उंदीरकानी वेगळी बरं का, ती रताळ्याच्या कुळातली, हे कार्नेशन आणि जिप्सोफिलाच्या कुळातलं. याचे काही भाऊबंद हिमालयातही उंचावर सापडतात.

दादा, तुमच्या बागेत नको. स्पष्टच सांगतो, कारण बियाचा खर्च, मजुरी सगळं वाया जाईल. लोकांना वाटतं डोंगरातलं झाड म्हणजे काटक, आपल्याकडं पाऊस कमी, मग जमेल की. कोरडेपणा त्याला चालतो, आपली चुनखडीची माती पण चालते, पण दोन गोष्टी मारतात, एक म्हणजे एप्रिल-मेची गरम रात्र, दिवसा पारा 40 च्या वर आणि रात्रीही झाडाला गारवा नाही, आणि दुसरं काळ्या रानात पाणी धरून राहतं तिथं मुळं कुजतात, त्यात ठिबकखाली कायम ओल म्हटल्यावर तर विचारूच नका. ओळींत ताग करा, फुलावर यायच्या आधी कापून तिथंच आच्छादन करा, नाहीतर उसाचं पाचट पसरा. तण दबतं, जमिनीलाही खायला मिळतं.

ताई, तुमचं मात्र जमू शकतं, पण हिवाळी पीक समजूनच. ऑक्टोबर हीट सरली की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रो-ट्रेमध्ये (रोपं करायच्या खाचांच्या ट्रेमध्ये) बी टाका, बी बारीक असतं, वरून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसतं भुरभुरवायचं, खोल गेलं तर उगवत नाही. 18-20 अंशाला साधारण दोन-तीन आठवड्यांत उगवतं, तोवर फवाऱ्यानं ओल ठेवा, धो धो पाणी नको. चार-सहा पानं झाली की कुंडीत घ्या. कुंडीला एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, आणि कंपोस्ट अगदी मूठभर. शेणखत बक्कळ घातलं की झाड लुसलुशीत होतं, मध्येच पसरून पडतं आणि कुजतं, हे गरीब मातीतलंच झाड आहे. सकाळचं ऊन भरपूर द्या, पाणी मुळाशी द्या, पानावर नको, कारण लवेत पाणी अडकून राहतं.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगा, बियापासून केलेलं झाड बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी फुलतं, आणि मधला उन्हाळा आपल्याकडं ते काढेल याची खात्री नाही. म्हणून पॅकेटवरचा फुलांचा फोटो दाखवून विकू नका, चंदेरी पानाची कुंडी म्हणून विका. फुलांचाच गालिचा पाहिजे असेल तर त्याच हिवाळ्यात अलिसम लावा, पांढरंशुभ्र होतं आणि त्याच हंगामात फुलतं. उन्हाळ्यात ऑफिस टाइमचं फूल (पोर्चुलाका) आहेच.

झाड जगवून बघायची हौस असेल तर फेब्रुवारी अखेरीला वरून एक तृतीयांश कापा, कापलेले कोवळे शेंडे वाळूत लावून ठेवा, मुळं धरतात. मार्चपासून कुंडी पूर्वेच्या बाजूला 50 टक्के शेडनेटखाली हलवा, मातीत बोट घालून वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी, आणि जूनमध्ये पाऊस लागला की पत्र्याच्या आडोशाला घ्या. पहिल्या वर्षी 20-25 कुंड्याच करा, त्यातल्या पावसाळ्यापर्यंत किती टिकल्या ते मोजून मला कळवा, त्यावरून पुढच्या वर्षी वाढवायचं का ते ठरवू.