गावच्या ओढ्यात बोटाएवढे मासे दिसतात, ते कोणते हे कसं ओळखायचं? पकडून टाकीत टिकतील का?

तुम्ही प्रश्नातच लिहिलंय की भोरकडच्या तुमच्या गावात लोक यांना "रोहू-कटल्याची पिल्लं" म्हणतात. आधी तेवढं मिटवू. रोहू आणि कटला मुळात गंगेकडचे. आपल्याकडे धरणांत आणि तळ्यांत मत्स्यबीज सोडलं म्हणून आले. धोंड्यांतून खळाळणाऱ्या ओढ्यात ते अंडी घालत नाहीत. पण आमच्या भावकीतले एक अण्णा अजून हाच हेका धरून बसलेत, आणि असा एक अण्णा प्रत्येक गावात असतोच. त्यांच्यासाठी पुरावा सोपा आहे. मृगात चढणीचे मासे धरायला लोक उतरतात, तेव्हा कुणाच्याही टोपलीतली दोन इंची मादी उचला आणि पोट उजेडाकडे धरा. आत गाभोळी गच्च भरलेली दिसते. जिच्या पोटात गाभोळी, ती पिल्लू कशी? ती पूर्ण वाढलेली मासळी आहे, तिची जातच एवढी.

तुम्ही स्वतः पकडायला मात्र त्या दिवसांत जाऊ नका. चढणीचा मासा अंडी घालायला निघालेला असतो आणि पाणीही गढूळ असतं. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ चांगला. पाणी निवळलेलं असतं आणि मासे डोहात जमायला लागलेले असतात.

गळ विसरा, एवढ्या लहान तोंडाला तो चालत नाही. सव्वा मीटर लांब, एक मीटर रुंद मच्छरदाणीचं कापड घ्या, दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या शिवा आणि खालच्या कडेला शिशाचे मणी किंवा साखळी ओवा. भोकं दोन-तीन मिलिमीटरची हवीत. ओढणी किंवा लुगडं लावलं तर पाणी अडून फुगतं आणि मासे बाजूने सटकतात. एकाने जाळं धारेच्या खालच्या अंगाला तिरकं धरायचं, खालची कड तळाला घट्ट टेकवून. दुसऱ्याने दोन मीटर वरून पायाने धोंडे हलवत खाली यायचं. जाळं उचलताना आधी तळाची कड पुढे घेऊन वर काढायची. सरळ वर ओढलं की सगळं निसटतं. उलटलेले धोंडे परत होते तसे ठेवा, त्यांच्या खालच्या अंगाला किड्यांचं आणि माशांचं घर असतं.

डोहासाठी दोन लिटरची बाटली पुरे. खांद्याशी कापा, तोंड उलटं आत बसवा, तापलेल्या खिळ्याने वीस-पंचवीस भोकं पाडा, आत दोन दगड आणि भाकरीचा तुकडा टाका. वीस मिनिटांत काढा. रात्रभर ठेवली तर आत खेकडा शिरतो आणि सकाळी नुसत्या शेपट्या मिळतात, नाहीतर कोंडून मेलेले मासे.

आता ओळख. वरून काढलेला मोबाइलचा फोटो कवडीच्या कामाचा नाही. वरून सगळे मासे सारखेच काळपट दिसतात. काचेची अरुंद पेटी करा, पंधरा सेंटीमीटर लांब, दहा उंच, आत चार सेंटीमीटर जागा. ओढ्याचंच पाणी भरा, मागे राखाडी पुठ्ठा लावा, आणि काचेच्या पट्टीने मासा हलकेच पुढच्या काचेकडे सरकवा. डोकं डावीकडे ठेवून बाजूचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. दोन-तीन मिनिटांत सोडा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताला अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग बुरशी लागते.

कुठे सापडला यावरून निम्मं काम होतं. डोहात पृष्ठभागाखाली, डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी पट्टी ओढलेली, ती दांडवण. वाहत्या पाण्यात निळ्या-पिवळ्या रेषांचा, चपळ, तो देवारियो. त्याच्या तोंडाशी बारीक मिशा असतात. धोंड्याला चिकटलेला मळ्या: उलटा करून पाहा, तोंडामागे चकती दिसेल, तिनेच तो धारेत टिकतो. वाळूत घुसणाऱ्या मुरीच्या डोळ्याखाली काटा असतो. नखाने हलकेच चाचपा, तो टोचतो. धोंड्याखालच्या मुऱ्यांना तो नसतो, आणि त्यातल्या एकीच्या नाकपुड्यासुद्धा मिशीसारख्या लांबलेल्या असतात. काठच्या गवतात, परांच्या कडेला नारिंगी झालर असलेला ढोक.

खरा घोळ ठिपक्यांच्या माशांचा होतो. एक ठिपका कल्ल्यामागे आणि दुसरा शेपटीच्या मुळापुढे असेल तर पेथिया टिक्टो. एक पाठीवरच्या पराच्या मुळाशी आणि दुसरा शेपटीच्या मुळाशी असेल तर पुंटियस सोफोर. ठिपके पुसट असतील तर अंगाच्या बाजूने खवल्यांवरून जाणारी बारीक छिद्रांची रेघ पाहा (रंगाची पट्टी नव्हे): टिक्टोची काही खवल्यांनंतर तुटते, सोफोरची शेपटीपर्यंत जाते. टिक्टोच्या पाठीवरच्या पराचा कठीण काटा मागून करवतीसारखा दातेरी असतो, भिंगातून सहज दिसतो. गावची नावं खोऱ्यागणिक बदलतात, म्हणून नावावर भांडण्यापेक्षा ही लक्षणं लिहून ठेवा.

अण्णांना आणखी एक सांगा. आंबोलीजवळ हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० साली एका मुरीची नवीन जात नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तोही मासा बोटाहून लहानच आहे. त्यालाही "पिल्लू" म्हणणारे भेटतील.

टाकीचं विचारलंत. दांडवण आणि टिक्टो दोन-अडीच फुटांच्या टाकीत, सहा-आठच्या थव्यात, चांगले राहतात. मळ्या आणि धोंड्याखालच्या मुऱ्या साध्या टाकीत ठेवू नका, त्यांना जोराचा प्रवाह आणि थंड पाणी लागतं. उन्हाळ्यात आधी ते जातात. ढोकाच्या टाकीवर झाकण हवंच, तो उडी मारतो. आणि पाळून कंटाळा आला म्हणून दुसऱ्या ओढ्यात सोडणं हा सरळ गुन्हा समजा, तसंच डासांसाठी ओढ्यात गप्पी सोडणंही. कोकणात डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असलेला पिकू डासांच्या अळ्या फुकट खातो, तरी लोक दक्षिण अमेरिकेचा मासा आणून ओततात. ब्लीचिंग टाकून किंवा करंट सोडून मासे काढणाऱ्यांबद्दल तर लिहिण्यासारखे शब्दच नाहीत.

अभयारण्यात, देवराईत आणि देवस्थानाच्या कोंडीत जाळं घालू नका. बाकी ठिकाणीही ग्रामपंचायतीत विचारून घ्या. काही ओढ्यांचा आणि तळ्यांचा मासेमारीचा ठेका दिलेला असतो, आणि ठेकेदाराला तुमची काचेची पेटी समजावून सांगणं हे मासे ओळखण्याहून अवघड जातं.