खांदा जपायचा की कमवायचा?

विहिरीत पडल्यापासून कमरेखाली हालचाल नाही. सहा वर्षं व्हीलचेअरवर आहे. आता उजवा खांदा रात्रभर ठणकतो. मित्र म्हणतात, डिप्स (दोन्ही हातांवर अंग उचलायचा व्यायाम) मारून खांदे कमव. मारू का? (रावेर)

नको दादा. डिप्स आजच बंद करा. खांद्याचा गोळा मोठा आणि खोबणी उथळ. हात चहूकडे फिरावा म्हणून ती रचना आहे, अंगाचा भार पेलण्यासाठी नाही. दोन्ही हातांवर अंग उचललं की आतले स्नायुबंध हाडांमध्ये चेपतात. दिवसभरात तुम्ही हे किती वेळा करता, मोजून बघा.

बसून बसून बुडाला जखम होऊ नये म्हणून ते उचलत असाल, तर त्याऐवजी छाती मांड्यांवर टेकवून पुढे वाका, किंवा एकेका कुशीला कला. दर 15 ते 30 मिनिटांनी, दोनेक मिनिटं. उचलून धरणं काही सेकंदच जमतं, तेवढ्यात कातडीला रक्त पोहोचत नाही.

आपल्याकडची खाट बहुधा खुर्चीपेक्षा बुटकी. उतरताना सोपं, चढताना खांद्याचा जीव जातो. खाटेच्या पायांखाली विटा पक्क्या बसवून उंची सारखी करा आणि गुळगुळीत फळीवरून सरका. घरच्यांनी काखेत हात घालून ओढायचं नाही, हे त्यांना वाचून दाखवा.

चाकात हवा भरलेली असू द्या. लहान लहान झटके न देता लांब, सावकाश रेटा द्या.

व्यायाम हवाच, पण मागे ओढण्याचा. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा, खुर्चीचे ब्रेक लावा, कोपरं मागे नेत पाठीचे फरे (खांद्यामागची चपटी हाडं) एकमेकांजवळ आणा. दुखेल तिथे थांबा. हात एकाएकी उचलेनासा झाला किंवा नवा बधिरपणा आला, तर मणक्याच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

मुलाच्या मानेला मार आहे. मनगट वर उचलतो, पण बोटं वाकडी राहतात. मालिशवाला रोज ओढून सरळ करतो. बरोबर आहे का? (भुसावळ)

ताई, ते थांबवा. मनगट वर केलं की बोटं आपोआप मिटतात. त्याच मिटण्यावर तो उद्या भाकरीचा तुकडा उचलेल, ब्रश धरेल. बोटं ताणून सैल केली तर ही पकड जाते. बोटं सरळ करायची तेव्हा मनगट खाली वाकवा, मनगट वर तेव्हा बोटं मिटलेली. ताणायचं ते कोपर आणि खांदा: झोपताना हात अंगापासून दूर, कोपर सरळ.

मे महिन्यात व्यायाम बंद ठेवू का? मला मानेची दुखापत आहे. (जळगाव)

बंद नको, वेळ बदला. मानेच्या दुखापतीत मार लागलेल्या जागेखाली घाम नीट येत नाही, म्हणून अंग तापलं की उतरत नाही. सूर्य वर येण्याआधी उरका, मानेवर ओला पंचा ठेवा. आणि खुर्ची अंगणात उन्हात सोडू नका, चाक ढकलायची लोखंडी कडी तापते. तळहाताला कळत नसेल तर फोड आल्यावरच दिसतो.