शीर्षक बदलण्याआधी पुस्तक उघडावे

दादर, मुंबई

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. आपल्या ग्रंथालयाच्या तालिकेतील जी विषयशीर्षके, म्हणजे पुस्तक कशाविषयी आहे हे सांगणारे शब्द, माणसांना कमी लेखतात किंवा त्यांच्याविषयी चुकीचे सांगतात ती तू डाव्या रकान्यात लिहिली आहेस, उजव्या रकान्यात नवे शब्द सुचवले आहेस, आणि कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीमधून ती सर्व नोंदींत एकाच वेळी बदलण्याची परवानगी कार्यकारी मंडळाकडे मागावी का, असे विचारले आहेस. डाव्या रकान्याशी माझे बहुतांशी एकमत आहे. उजवा रकाना आणि 'एकाच वेळी' हे दोन शब्द यांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे.

मंडळाच्या बैठकीत तुला पहिल्यांदा ऐकू येईल तो आक्षेप असा असेल की, पुस्तकात आहे तेच आपण तालिकेत लिहितो, मग दोष आपल्याकडे कसा? त्याचे उत्तर तुझ्या समोरच्या पडद्यावरच आहे. मार्क नोंदीतील, म्हणजे पुस्तकाची माहिती ठरावीक क्रमांकांच्या रकान्यांत भरलेल्या संगणकीय नोंदीतील, 245 या क्षेत्रात पुस्तकाचे नाव असते. ते लेखकाचे आणि प्रकाशकाचे असते, आणि त्यातील एक अक्षरही बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही, मग ते नाव आज कितीही खुपत असो. 650 या क्षेत्रातील विषयशीर्षक मात्र कोणत्याही मुखपृष्ठावर छापलेले नसते. ते ग्रंथालय देते. तेथे बोलणारे आपण असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याने एका जमातीला काय म्हटले हे वाचकाला कळलेच पाहिजे, पण त्या अधिकाऱ्याचा शब्द आपण आपल्या तोंडी का घ्यावा, एवढाच प्रश्न मंडळापुढे ठेव. तेथे भाषण करू नकोस. दोन नोंदी छापून शेजारी शेजारी ठेवल्यास तर पुरे.

आता उजव्या रकान्याकडे येते. 'गुन्हेगार जमाती' या शीर्षकासमोर तू 'विमुक्त जमाती' असे लिहिले आहेस. हा बदल योग्य वाटतो, आणि म्हणूनच त्यावर थांबावे लागते. 1871 च्या कायद्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारित कायद्यांनी काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांची हजेरी लावली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला आणि हे समाज 'विमुक्त' म्हणवले जाऊ लागले. त्या शीर्षकाखाली आपल्याकडे जी पुस्तके साठली आहेत ती मात्र एका प्रकारची नाहीत. एखादे पुस्तक त्या कायद्याचा इतिहास सांगते. त्याला 'गुन्हेगार जमाती कायदा, 1871' हेच शीर्षक हवे, कारण तो कायदा त्याच नावाने झाला आणि त्याच नावाने त्याने माणसे चिरडली. दुसरे कैकाडी समाजातील कुटुंबाची कहाणी असते. त्याला 'कैकाडी' हे शीर्षक द्यावे आणि 'विमुक्त जाती' हे व्यापक शीर्षक जोडावे. तिसरे पारध्यांविषयी असते, आणि येथे तर आणखी जपावे लागते, कारण महाराष्ट्रात पाल-पारधी आणि राज-पारधी विमुक्त जातींच्या यादीत आहेत, तर फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत. एका रात्रीत एक शब्द काढून दुसरा घातलास, तर एका सरकारी यादीचे ओझे उतरवून त्यांच्यावर दुसऱ्या सरकारी यादीचे लेबल लावल्यासारखे होईल, आणि तेही काहींच्या बाबतीत चुकीचे.

म्हणून माझा आग्रह आहे की माणसे आणि त्यांच्यावर झालेला अन्याय ही दोन शीर्षके नेहमी वेगळी ठेवावीत. माणसांचे नाव त्यांना मान्य असलेले असावे. अन्यायाचे नाव मात्र मुळीच सौम्य करू नये. तुझ्या यादीत 'अस्पृश्यता' हे शीर्षकही काढून टाकण्यासाठी आले आहे. ते काढू नकोस. संविधानाचे सतरावे कलम अस्पृश्यता याच शब्दाने ती नष्ट करते. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहावरील पुस्तकाला 'सामाजिक भेदभाव' असे गुळमुळीत शीर्षक दिले, तर ते लोक चवदार तळ्यावर कशाविरुद्ध गेले होते हेच तालिकेतून पुसले जाईल. 'अस्पृश्य' हे माणसांचे शीर्षक काढून टाकावे, 'अस्पृश्यता' हे व्यवहाराचे शीर्षक म्हणून राहावे.

'अस्पृश्य' काढून त्या जागी काय घालायचे, याचेही एकच उत्तर नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतील ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांच्या यादीत आज 'दलित' हे शीर्षक आहे आणि जुना शब्द त्याकडे बोट दाखवतो. आपल्या शहरात तर 1972 साली दलित पँथर उभी राहिली. त्या चळवळीने आणि साहित्याने हा शब्द स्वतः निवडला आहे, म्हणून 'दलित साहित्य' हे शीर्षक बदलण्याचे काहीच कारण नाही. केंद्र सरकारने 2018 मध्ये प्रसारमाध्यमांना त्याऐवजी 'अनुसूचित जाती' ही संज्ञा वापरण्याचा सल्ला दिला होता, म्हणून मंडळातील कोणी ते परिपत्रक पुढे करील. आरक्षणाच्या कायद्यावरील, शिष्यवृत्तीवरील, जनगणनेवरील पुस्तकांना 'अनुसूचित जाती' हेच शीर्षक शोभते; ती कायद्याची संज्ञा आहे आणि कायद्याच्या पुस्तकाला ती नेमकी बसते. कवितेच्या पुस्तकाला ती बसत नाही. 'हरिजन' हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला गेला त्यांच्यापैकी बहुतेकांना तो नको आहे, तेव्हा शीर्षक म्हणून तो जाऊ दे. पण 1932 साली स्थापन झालेला हरिजन सेवक संघ ही संस्था आहे आणि 'हरिजन' हे साप्ताहिक होते, त्यांची नावे आहेत तशीच राहतील. 'नवबौद्ध' या शब्दाबाबत तर तू नायगाव किंवा वरळीच्या चाळींत राहणाऱ्या वाचकांनाच विचार. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेतलेल्यांची मुले आणि नातवंडे आज आपल्याला सरळ 'बौद्ध' म्हणवतात आणि त्यातील 'नव' अनेकांना खटकतो, मग तो सरकारी कागदपत्रांत असला तरी.

काही शीर्षकांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. 'महारोगी' जाऊन 'कुष्ठरोग' आणि 'कुष्ठरुग्ण' यावेत, मात्र बाबा आमटे यांनी स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचे नाव तसेच राहील. 'बहिरे व मुके' ऐवजी 'कर्णबधिर व्यक्ती' लिही आणि खुणांच्या भाषेला स्वतंत्र शीर्षक दे, कारण ती भाषा आहे, व्यंगाचा प्रकार नव्हे. 'अपंग' की 'दिव्यांग' हा वाद मोठा आहे. राज्य सरकारने 2022 मध्ये दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, पण चळवळीतील अनेकांना आपल्या अडचणीला दिव्यत्व चिकटवलेले आवडत नाही. माझे मत त्यांच्याकडे झुकते, तरी येथे तुला मंडळाचा कौल घ्यावा लागेल. 'विधवा' ऐवजी 'एकल स्त्रिया' सरसकट घालू नकोस. एकल स्त्रियांत परित्यक्ता आणि अविवाहित स्त्रियाही येतात, आणि 1856 च्या पुनर्विवाहाच्या कायद्यावरील पुस्तक त्यांच्याविषयी नाही.

तुझ्या यादीत एक शीर्षक नाही, आणि ते नसण्यावरूनच ते आपल्या किती अंगवळणी पडले आहे हे कळते. ते म्हणजे 'परप्रांतीय'. मुंबईतील टॅक्सीचालकांवरील, दूधवाल्यांवरील, बांधकामावरील मजुरांवरील पुस्तके आपण या एका शीर्षकाखाली बिनदिक्कत टाकतो. हा शब्द त्या माणसांविषयी काही सांगत नाही. ती कोठून पाहिली गेली एवढेच सांगतो. 'स्थलांतरित कामगार', आणि पुस्तकात असेल तर 'टॅक्सीचालक – मुंबई', ही शीर्षके अधिक खरी आहेत. 'परप्रांतीयविरोधी आंदोलने' हे शीर्षक मात्र ठेवावे लागेल, कारण आंदोलने झाली ती त्याच शब्दाने.

अमेरिकेत याच प्रकारच्या एका शीर्षकाचे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली विषयशीर्षके 1898 साली घडवायला घेतली. त्याच साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. त्या यादीतील पूर्वग्रहांवर सँफर्ड बर्मन या ग्रंथपालाने 1971 मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. पुढे 2014 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'इल्लीगल एलियन्स' (बेकायदेशीर परके) हे शीर्षक बदलण्याची मागणी केली, 2016 मध्ये बदल जाहीर झाला, संसदेतील काही सदस्यांनी त्यात हात घातला, आणि अखेर नोव्हेंबर 2021 मध्ये त्या एका शीर्षकाच्या जागी 'नॉनसिटिझन्स' (नागरिक नसलेले) आणि 'इल्लीगल इमिग्रेशन' (बेकायदेशीर स्थलांतर) अशी दोन शीर्षके आली. विद्यार्थ्यांनी मागितलेला शब्द मिळाला नाही, आणि त्यांची नाराजी रास्त होती. तरीही एक गोष्ट झाली: बेकायदेशीरपणा माणसाच्या नावातून निघून कृतीच्या नावात गेला. वर मी जे दोन शीर्षके वेगळी ठेवण्याविषयी लिहिले ते हेच.

जुना शब्द तालिकेतून पूर्ण नाहीसा करू नकोस. प्राधिकार नोंदीत, म्हणजे कोणते शीर्षक मान्य हे ठरवणाऱ्या नोंदीत, 150 मध्ये नवे शीर्षक येईल आणि जुने 450 मध्ये जाईल, म्हणजे जुना शब्द टंकणाऱ्याला 'पाहा' ही नोंद नव्या शीर्षकाकडे नेईल. सत्तरीचे वाचक जुन्याच शब्दाने शोधतात, आणि इतिहासाच्या संशोधकांना तर जुन्या शब्दावाचून गत्यंतर नसते. वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाचा 1890 पासूनचा इतिहास शोधणाऱ्याला त्या काळच्या अहवालांत जो शब्द सापडेल तोच तो आपल्या तालिकेत टंकणार. शीर्षक कधी आणि का बदलले, कोणाशी बोलून बदलले, हे त्याच प्राधिकार नोंदीतील टिपेच्या क्षेत्रात दोन वाक्यांत लिहून ठेव. तुझ्या जागी उद्या येणाऱ्याला ते वाचून तुझा निर्णय फिरवताही आला पाहिजे, कारण आज आदराचा असलेला शब्द तीस वर्षांनी तसा राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. कार्डांचे जुने खण रद्दीत घालण्याचा विषय निघाला तर विरोध कर. आपण कधी काय म्हणत होतो याचा तेवढाच पुरावा आहे.

तेव्हा मंडळापुढे तुझी संपूर्ण यादी नेऊ नकोस. दोन रकाने पाहिले की प्रत्येकाला त्यातील एखादा शब्द नापसंत पडतो आणि त्या एका शब्दापायी सगळे काम पुढच्या बैठकीवर ढकलले जाते. फक्त 'परप्रांतीय' घे. त्या शीर्षकाखालची सर्व पुस्तके फडताळातून काढ, प्रत्येकाची अनुक्रमणिका आणि प्रस्तावना वाच, दाखल अंकासमोर, म्हणजे ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेल्या क्रमांकासमोर, नवे शीर्षक पेन्सिलीने लिही, आणि ज्या पुस्तकांबाबत अडेल ती शनिवारी दुपारी माझ्याकडे घेऊन ये. 'गुन्हेगार जमाती' त्यानंतर घेऊ. त्यासाठी आधी विमुक्तांच्या संघटनांतील दोन-तीन कार्यकर्त्यांना ग्रंथालयात बोलवावे लागेल, आणि ते येतील तेव्हा आपली नोंद त्यांना पडद्यावर दाखवण्याची तुझी तयारी असायला हवी.

कळावे, लोभ असावा.