शंका-समाधान : मधुमेह असताना उपवासकाळ कसा पाळावा?

प्रश्न : मी ६३ वर्षांचा आहे. इन्सुलिन चालू असल्यामुळे उपाशी राहू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या, शुक्रवारी आमच्या घरी मटण शिजत नाही, पण सुरमईचे कालवण होते. याला प्रायश्चित्त म्हणता येईल का?
– एक वाचक, वसई

उत्तर : डॉक्टरांचे ऐकण्यात आपला काहीही दोष नाही. १९८३ च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, उपवास राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी बंधनकारक असून तो १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच लागू असतो. त्या दिवशी एकदा पोटभर जेवून आणखी दोनदा थोडेसे खाता येते. इन्सुलिन घेऊन जेवण चुकवले तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते, आणि जिवाशी असा खेळ देव मागत नाही.

मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम निराळा आहे. तो १४ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो, त्याला वयाची वरची मर्यादा नाही आणि त्यात मासळी चालते. म्हणजे कालवणाने नियम मोडत नाही. पण वसईत मटणाऐवजी सुरमई ताटात आली तर सोडले काय, ही आपल्या मनातली बोच मला अगदी रास्त वाटते. वेळेवर जेवा, मात्र शुक्रवारी डाळ-भाजीवर भागवा आणि सुरमईचे वाचलेले पैसे त्याच दिवशी गरजूंसाठी वेगळे काढा. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच देवाला आवडणारा उपवास, असे बायबलमध्ये यशया संदेष्ट्याने ५८ व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे.

क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणारी चौदा स्थानांची प्रार्थना, करताना प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकणे जमत नसेल, तर बसून प्रार्थना करा आणि पाचव्या स्थानापाशी थोडे अधिक थांबा. तिथे कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलतो, म्हणजे स्वतः प्रभूनेही दुसऱ्याचा हात घेतला. पथ्यपाण्यासाठी घरच्यांवर अवलंबून राहावे लागते म्हणून आजारी माणसाची चिडचिड होते. ती आवरणे हे उपाशी राहण्यापेक्षा हलके प्रायश्चित्त नाही.

पापनिवेदनासाठी, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्यासाठी, पवित्र आठवड्यातल्या (ईस्टरआधीच्या आठवड्यातल्या) गर्दीची वाट पाहू नका. आधीच धर्मगुरूंची वेळ घ्या, म्हणजे निवांत बोलता येईल. आणि भावाबहिणीशी अबोला असेल, तर पापनिवेदनाला जाण्याआधी त्यांच्या घरी जाऊन या.