‘योंग’च्या रेघा पाच की आठ?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, वर्षभर चिनी शिकतेय. ‘योंग’ (永) या अक्षरात रेघा किती, या प्रश्नाला तिनं ‘आठ’ लिहिलं, कारण सुलेखनाच्या पुस्तकात तसं वाचलं होतं. शिक्षकांनी चूक दिली; त्यांच्या मते पाच. ती फार हिरमुसलीय. खरं काय? आणि अक्षराचा अर्थ काय?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, लेकीला आधी सांगा, तिनं वाचलं ते खोटं नाही. परीक्षेत मात्र ‘पाच’च लिहायचं. शब्दकोशात रेघ मोजतात ती लेखणी टेकल्यापासून उचलेपर्यंत. सुलेखनात मोजतात त्या हाताच्या चाली.

तिला करून बघू द्या. डोक्यावर टिंब : रेघ एक, चाल एक. दुसरी रेघ जराशी उजवीकडे जाते, वळून सरळ खाली उतरते आणि तळाशी डावीकडे आकडा घेते. कुंचला एकदाही उचलला नाही, पण चाली तीन झाल्या. तिसरी डाव्या अंगाला, किंचित चढत उजवीकडे आणि मग लांब झुकत खाली डावीकडे, दोन चाली. चौथी उजवीकडून मधल्या रेघेकडे येणारा आखूड फटकारा. पाचवी तिथूनच उजवीकडे खाली उतरणारा पाय. एक, तीन, दोन, एक, एक. झाले आठ.

या आठ चालींना जुनी नावं आहेत आणि ती मला फार आवडतात, कारण त्यांतच हाताला सूचना आहे. आडवी रेघ म्हणजे ‘लगाम’ : नुसती ओढायची नाही, घोडा आवरावा तसा कुंचला आवरत न्यायचा. चढती रेघ ‘चाबूक’. आकडा म्हणजे ‘उडी’. आखूड फटकारा म्हणजे पाखरानं चोच मारणं.

बीजिंगमध्ये शिकत असताना मी त्या आकड्यापाशीच अडायचे. उभी रेघ खाली आली की घाईनं डावीकडे ओढायचे आणि टोक फाटायचं. आमच्या वयस्कर गुरुजींनी एकदा माझ्या मुठीवर हात ठेवला. तळाशी थांबवलं, टोक केसभर वर घ्यायला लावलं. कुंचल्याचे विस्कटलेले केस एकत्र आले, तेव्हा म्हणाले, ‘आता उडी.’ तो थांबा मला अजून बोटांत जाणवतो. तुमच्या मुलीनं दुसऱ्या रेघेत तीन चाली पाहिल्या, म्हणजे तिला हेच दिसलंय.

आता अर्थ. ‘योंग’ म्हणजे दीर्घ, कायमचं. शू शन यांनी इसवी सन 100च्या सुमारास केलेल्या कोशात लिहिलंय, की हा लांबवर वाहत जाणाऱ्या पाण्याचा आकार आहे. हाडांवर कोरलेल्या त्याहून जुन्या रूपात काही अभ्यासकांना पाण्यात पोहणारा माणूस दिसतो. याच अक्षराच्या डावीकडे पाण्याची तीन टिंबं दिली की ‘पोहणं’ होतं, उच्चार तोच. ‘वाणी’चं चिन्ह जोडलं की स्वर लांबवून म्हणणं. आणि आरशात बघावं तसं उलटं लिहिलेलं ‘योंग’ पुढे वेगळं अक्षर ठरलं : नदीचा फाटा. मला तर या सगळ्या गोतावळ्यात पाणीच दिसतं.

सरावाला हेच अक्षर का, असंही ती विचारेल. नामवंत चिनी सुलेखनकार वांग शीझी यांनी 353 साली शाओशिंग शहराजवळच्या लानथिंग इथं एका कवितासंग्रहाला लिहिलेली प्रस्तावना सुलेखनाचा शिरोमणी मानतात. ती ‘योंगहं’ या कालगणनेच्या नवव्या वर्षापासून सुरू होते, म्हणजे पहिलंच अक्षर ‘योंग’. मूळ प्रत हरवली. आज आहेत त्या नकला. वांग यांच्याच वंशातले भिक्षू झीयोंग यांच्या नावातही हेच अक्षर. त्यांनी हजार अक्षरांच्या पाठाच्या आठशे प्रती लिहून मठांना वाटल्या, असं सांगतात.

लेकीसाठी पाण्यानं लिहायचं कापड मिळतं, ते घ्या. साध्या पाण्यात कुंचला बुडवून लिहिलं की काळं उमटतं आणि थोड्या वेळात वाळून पुसलं जातं. शाईचा पसारा नाही. चौकोनात उभी, आडवी आणि दोन तिरक्या रेषा आखलेलं कापड बघा. उभी रेघ बरोबर मधल्या रेषेवर उतरली पाहिजे. पहिला आठवडा पूर्ण अक्षर नको. फक्त दुसऱ्या रेघेचा कित्ता गिरवू दे, रोज वीस वेळा, आणि आकड्याआधी दर वेळी थांबू दे.