'स्कूल चॉइस'ला 'शाळा निवडीचं स्वातंत्र्य' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधल्या सरकारी शाळांवरचा एक लेख मराठीत करायचाय, तर 'स्कूल चॉइस'साठी (म्हणजे ठरवून दिलेल्या शाळेऐवजी मुलाची शाळा पालकांनी निवडायची, या धोरणासाठी) 'शाळा निवडीचं स्वातंत्र्य' चालेल का, आणि 'चार्टर स्कूल'ला 'सनदी शाळा' म्हणावं का.

'स्वातंत्र्य' नका घालू, ही माझी कळकळीची विनंती. कारण हा शब्द तिथे आधी एकदा वापरून झालाय आणि फार वाईट कामासाठी. 1954 ला ब्राऊन खटल्यात सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्यावर दक्षिणेतल्या बऱ्याच शाळा मंडळांनी पळवाट काढली ती 'फ्रीडम ऑफ चॉइस' याच नावाने, म्हणजे कागदोपत्री कुणीही कुठल्याही शाळेचा फॉर्म भरावा. व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीत दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची एक काळ्यांची. तीन वर्षं ही योजना चालली, तेवढ्यात काळ्यांच्या शाळेत एकही गोरं मूल आलं नाही आणि 85 टक्के काळी मुलं होती तिथेच राहिली. दक्षिणेत तेव्हा गोऱ्यांच्या शाळेचा फॉर्म भरणं म्हणजे नोकरी जाण्याची, धमक्या येण्याची भीती, मग आईबाप काय निवडणार? 1968 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेगळेपण मोडायची जबाबदारी शाळा मंडळाची आहे, ती मुलांच्या आणि पालकांच्या गळ्यात टाकता येणार नाही. त्याच राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर 1959 ते 1964 सरकारी शाळाच बंद ठेवल्या, गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि फीला सरकारी मदतही मिळाली, काळ्या मुलांची मात्र वर्षंच्या वर्षं शाळेविना गेली.

पण म्हणून 'चॉइस' हा नुसता गोऱ्यांचा डाव होता असा सूर लावलात तर तेही चूक होईल. मिलवॉकी शहरात 1990 ला जी व्हाउचर योजना आली तिच्यामागे पॉली विल्यम्स नावाच्या काळ्या आमदार बाई होत्या. तिथे गोरी-काळी मुलं एका शाळेत यावीत म्हणून बसने लांब जायचं ते मुख्यतः काळ्या मुलांनीच, आणि जवळच्या शाळेत शिकणं धड नाही, त्यामुळे गरीब काळ्या पालकांनाच ही योजना हवी होती, आणि सुरुवातीला ती फक्त कमी उत्पन्नाच्या घरांसाठी होती. पुढे बऱ्या परिस्थितीतल्या घरांनाही ती खुली करायचं ठरलं तेव्हा विल्यम्सबाईंनीच विरोध केला. (व्हाउचर तसंच ठेवा, पण आपल्याकडे व्हाउचर म्हणजे हिशेबाला लावायची पावती, त्यामुळे पहिल्यांदा येईल तिथे 'खाजगी शाळेची फी सरकारने भरायची' असं सरळ लिहून टाका.)

म्हणून मी साधं 'शाळानिवड' सुचवेन. ना हक्क ना स्वातंत्र्य. शिवाय मराठीत 'निवड' दोन्हीकडून चालते, आपण शाळा निवडतो आणि 'माझ्या मुलीची निवड झाली' असंही म्हणतो. तिथला खरा वाद याच्यावरच आहे की नक्की निवडतं कोण, पालक की शाळा, आणि ज्याच्याकडे गाडी नाही, फॉर्मच्या तारखा कळवणारं कुणी नाही, त्याच्या निवडीला अर्थ किती. आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या टाकतात, त्याला 'लॉटरी' न लिहिता 'सोडत' लिहा, आरटीईच्या अर्जांमुळे हा शब्द आपल्या पालकांच्या तोंडात बसलाय.

आता चार्टर. 'सनदी लेखापाल' आहे म्हणून 'सनदी शाळा' सुचणं साहजिक आहे, पण सनद म्हटलं की वतनं, इनामं डोळ्यापुढे येतात, पिढ्यान् पिढ्या चालणारं काहीतरी. चार्टर म्हणजे ठरावीक वर्षांचा करार, मुलं शिकली नाहीत किंवा पैशाचा गोंधळ केला तर तो रद्द होतो आणि शाळा बंद. 'करारी शाळा' लिहिलं तर भलताच अर्थ होतो. मी 'चार्टर शाळा'च ठेवीन, आणि एका वाक्यात सांगेन की पैसा सरकारचा, फी नाही, पण चालवते वेगळी संस्था. 1991 ला मिनेसोटात पहिला कायदा झाला, आणि कत्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये तर जवळजवळ सगळ्याच सरकारी शाळा चार्टर झाल्या.

एक न विचारलेलं सांगतो कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'स्कूल डिस्ट्रिक्ट'चं 'जिल्हा' करू नका. जिल्हा म्हटलं की आपल्याला शहर, तालुके, खेडी सगळं एकत्र दिसतं. तिथे डेट्रॉइट शहराचं शाळा मंडळ वेगळं आणि आजूबाजूच्या उपनगरांची आपापली, आणि शाळांच्या पैशाचा मोठा भाग तेव्हा त्या त्या हद्दीतल्या घरपट्टीतून यायचा. शहरात काळी गरीब कुटुंबं, हद्दीपलीकडे गोरी आणि सुस्थितीतली. 1974 च्या मिलिकन खटल्यात डेट्रॉइटची मुलं आणि 53 उपनगरी मंडळांची मुलं एकत्र शिकवायची योजना सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी फेटाळली, ही हद्द ओलांडायची नाही म्हणून. तुमच्या लेखात 'डिस्ट्रिक्टमधली कुठलीही शाळा निवडता येते' असं काही असेल तर तिथे 'शाळा मंडळाच्या हद्दीतली' असंच लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की त्यात शेजारच्या उपनगरातली शाळाही आली.